वारशाचे घर आणि मुंबईचे बिऱ्हाड : मराठी साहित्यातील एका लांबणीवर पडलेल्या निर्णयाविषयी

१

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत तीन-चार पिढ्या काढलेल्या मराठी कुटुंबांच्या इतिहासात एक प्रसंग हमखास येतो. गावी राहणारे शेवटचे वडीलधारे माणूस जाते आणि मागे एक घर उरते. हे शेवटचे माणूस बहुधा विधवा काकू किंवा आजी असते. मुंबईची मंडळी धावतपळत पोहोचतात, दिवसकार्य होते आणि तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर ओटीवर बसलेल्यांपैकी कोणीतरी तो प्रश्न उच्चारतो : आता येथे कोण राहणार? मुंबईचे बिऱ्हाड मोडून मुलाबाळांसह इकडे यावे, घर विकावे, की दाराला कुलूप घालून किल्ली शेजारी द्यावी?

मराठी साहित्यात घर उदंड आहे. पडके वाडे, खोतांची चौसोपी घरे, माजघरातला अंधार, परसातली विहीर यांची वर्णने कादंबरीत, नाटकात आणि ललित गद्यात इतकी आली आहेत, की त्यांचे संकेत बनून गेले आहेत. परंतु वर सांगितलेला निर्णय, म्हणजे दूरच्या घराचा वारसा आल्यावर कुटुंबाने स्थलांतर करावे की करू नये याविषयीचा प्रत्यक्ष विचारविनिमय, या साहित्यात फारच थोडा आढळतो. कादंबरीने त्याच्या जागी ऱ्हास दाखविला, नाटकाने वाटणी दाखविली, ललित गद्याने आठवण जागविली. प्रत्यक्ष जीवनात मात्र असंख्य कुटुंबांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी कुलूप घातले आणि निर्णय पुढच्या मे महिन्यावर, पुढच्या गणपतीवर, पुढच्या पिढीवर ढकलला. हे कुलूप म्हणजे निव्वळ भावनेची दुबळी तडजोड नव्हे. त्यामागे मुंबईतील जागेचा, कोकणातील जमिनीचा आणि घरातील स्त्रियांचा एक निश्चित हिशोब आहे. तो हिशोब ध्यानात घेतल्याखेरीज या विषयावरील साहित्यकृतींचे वाचन अपुरे राहते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहणे इष्ट ठरेल. मुंबईकर कोकणी माणसाच्या बोलण्यात 'घर' हा शब्द दीर्घकाळ गावाकडच्या वास्तूसाठी राखून ठेवलेला होता. मुंबईत असे ती 'खोली', 'जागा' किंवा 'बिऱ्हाड'. चाळीसाठी 'जागा' हा शब्द विशेष बोलका आहे. जागा मिळते, जागा जाते, जागेसाठी पागडी मोजावी लागते. जागेला पूर्वज नसतात. 'बिऱ्हाड' हा शब्द तर मुळातच तात्पुरत्या मुक्कामाचा. तरीही 'बिऱ्हाड करणे' या वाक्प्रयोगाला परळ-लालबागच्या जीवनात एक गंभीर अर्थ होता. गावी असलेली पत्नी मुंबईस आणून चूल मांडणे म्हणजे बिऱ्हाड करणे. जुन्या बोलीत 'कुटुंब' म्हणजे पत्नी. 'माझे कुटुंब गावाला आहे' हे वाक्य गिरणगावात कोणालाही वेगळे वाटत नसे.

या एका वाक्यात दोन घरांची सारी व्यवस्था सामावलेली आहे. पुरुष गिरणीत, गावकीच्या सामाईक खोलीत पथारी टाकणारा, खाणावळीत जेवणारा. स्त्री गावी, शेत, गुरे, सासू-सासरे आणि घर राखणारी. गिरणी कामगारांची जेवणे चालविणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रियांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने उभी केली. तिचा उगम या विभागलेल्या कुटुंबांत आहे, हे सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. अण्णाभाऊ साठे यांची मैनेची प्रसिद्ध छक्कड याच व्यवस्थेच्या पोटातून आली. ती विरहाची आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची रचना म्हणून वाचली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यातील मैना गावी का राहिली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ती राहिली म्हणून घर 'घर' राहिले. चाकरमान्याची मनीऑर्डर घर पोसत होती, पण घर चालवीत होती ती मागे राहिलेली स्त्री. तिच्या मृत्यूनंतर जो वारसा मुंबईला पोहोचतो, तो भिंतींचा आणि कौलांचा असतो; घर चालविण्याचे काम कोणाच्या वाट्याला जाणार, हे कोणत्याही वारसनोंदीत लिहिलेले नसते.

३

आता कायद्यांचा विचार. वाङ्मयाच्या अभ्यासात तो कोरडा वाटेल, परंतु या निर्णयाचे खरे कथानक येथेच आहे.

मुंबईतील चाळीची खोली आणि गावाकडचे घर यांचा वारसा दोन वेगळ्या नियमांनी चालत आला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहत असलेल्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जात असे. येथे रक्तसंबंध पुरेसा नव्हता. सहवास आवश्यक होता. शिवाय योग्य कारणावाचून खोली सलग सहा महिने वापराविना ठेवली, तर ती रिकामी करून मागण्याचा आधार मालकाला मिळत असे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने सहवासी कुटुंबीय नसल्यास अन्य वारसाचाही विचार केला, परंतु सहा महिन्यांच्या न-वापराची अट तशीच राहिली. गावाकडच्या घराची स्थिती याच्या अगदी उलट. तेथे हक्क जन्माने आणि नात्याने येतो. वीस वर्षे उंबरा न ओलांडलेल्या पुतण्याचेही नाव सामाईक खात्यात लागते आणि अनुपस्थितीमुळे ते आपोआप पुसले जात नाही.

म्हणजे खोली राहणाऱ्याची, घर वंशाचे. या भेदाचा परिणाम उघड आहे. गिरगावातील कुटुंब वारशाच्या घरात राहायला गेले, तर मुंबईची जागा जाण्याचा धोका खरा होता, आणि एकदा गेलेली जागा पागडीच्या काळात परत मिळणे मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरचे होते. मुंबईतच राहिले, तर गावाचे घर कागदोपत्री तसेच राहणार होते. एक निर्णय परत न फिरणारा आणि दुसरा परत फिरता येण्याजोगा, असा हा व्यवहार होता. शहाण्या माणसाने कुलूप कोणत्या दाराला लावले असेल, हे सांगावयास नको. बँकेतील कारकून असो की गिरणीतला बदली कामगार, ज्याला रोज सकाळी फाटकावर हजर राहिल्याखेरीज काम मिळण्याची आशा नसे, त्या दोघांनाही हजेरीचा हा नियम सारखाच जाचक होता. मुंबई हजेरी मागत होती, गाव मागत नव्हते.

गाव मागत नव्हते, असे म्हणताना मात्र पावसाला वगळावे लागते. कोकणच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभ्या दगडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन आणि कौलारू छप्पर असलेले घर दरवर्षी माणसाचा हात मागते. पावसापूर्वी कौले चाळावी लागतात, फुटकी बदलावी लागतात, पडवीला झावळ्यांच्या झडी बांधाव्या लागतात, वासे वाळवीसाठी तपासावे लागतात. एका वर्षाची दिरंगाई एका कोपऱ्यातल्या गळतीने सुरू होते; तीन-चार वर्षांत पाट्या कुजतात आणि भिंतीत पाणी मुरते. कागदावर शाबूत असलेले घर असे प्रत्यक्षात वितळत जाते. सरकारी दप्तरात ज्या अनुपस्थितीची दखल नाही, ती पाऊस घेतो. या विसंगतीत एका मोठ्या कादंबरीचे बीज आहे, पण मराठीत ती लिहिली गेल्याचे दिसत नाही.

तिसरी गोष्ट शेतजमिनीची, आणि येथे गिरगाव व लालबाग यांची वाट वेगळी होते. १९४९ च्या कायद्याने खोती संपली. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यातील पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिनी' कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. गिरगाव-दादरच्या चाळींत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या उच्चवर्णीय जमीनमालक घराण्यांच्या दृष्टीने हा दिवस म्हणजे गावाकडच्या घराचा पाया खचल्याचा दिवस होता. घर राहिले, पण घर पोसणारे भाताचे खंड गेले. परळ-लालबागच्या गिरणीत राबणाऱ्या, गावी कूळ म्हणून कसणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने तोच दिवस घराखाली जमीन आल्याचा होता. एकाच कायद्याने एका शहरातील दोन वस्त्यांना परतण्याविषयीची दोन उलट उत्तरे दिली. पहिल्या वर्गापाशी मोठे घर आणि न पोसणारी जमीन होती, दुसऱ्यापाशी लहान घर आणि स्वतःची झालेली जमीन. कायद्यातील एक अपवाद या संदर्भात लक्षणीय आहे. जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असल्यास कुळाची खरेदी पुढे ढकलली जात असे. गावी राहिलेल्या विधवा काकूमुळे काही घराण्यांची जमीन आणखी काही वर्षे टिकली. जिला घरात निर्णयाचा अधिकार नव्हता, तिचे नाव मात्र घराची शेवटची ढाल ठरले.

४

या पार्श्वभूमीवर कोकणच्या घराचे साहित्य वाचताना एक गोष्ट प्रथम जाणवते : ते साहित्य बहुतांशी मुंबईत लिहिले गेले. श्री. ना. पेंडसे यांचा जन्म दापोली तालुक्यातील मुर्डी येथे १९१३ साली झाला, पण त्यांचे आयुष्य मुंबईत, 'बेस्ट'च्या नोकरीत गेले. जयवंत दळवी आरवलीचे, नोकरी मुंबईत. त्यांचे कोकण हे सोडून आलेल्या माणसाचे कोकण आहे. यात न्यून काही नाही. दुरून पाहिल्याने चित्राला आलेली धार दोघांच्याही लेखनात आहे. परंतु सोडून आलेल्या माणसाला घर पूर्ण स्वरूपात, भूतकाळात दिसते. 'आता काय करायचे' या वर्तमानकाळी प्रश्नाला त्या दृष्टीत जागा कमी उरते.

'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) मध्ये दळवींनी आरवलीसारख्या गावातील माणसांचे जे विनोदी आणि करुण दर्शन घडविले, ते मराठीत अजोड आहे. शीर्षकातच प्रवासाची कल्पना आहे, पण तो प्रवास सर्व मानवजातीचा. बिऱ्हाडासह पेटी-वळकटी घेऊन निघण्याचा नव्हे. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या दोन खंडांतील बृहत् कादंबरीत जगबुडी नदीकाठच्या खोत घराण्याच्या चार पिढ्यांचा उदय आणि अस्त आहे. घराणे जिवंत असेतो वाडा हे सत्तेचे केंद्र आहे आणि घराणे लयाला गेल्यावर ते शापाचे प्रतीक होते. या मांडणीत वारसा ही नियतीची बाब बनते. वारसाने काही ठरवावे, पैसे मोजावेत, बायकोला विचारावे, मुलांच्या शाळेचा विचार करावा, अशा क्षुद्र वाटणाऱ्या गोष्टींना शोकात्म भव्यतेत स्थान मिळत नाही. या कादंबरीचे मोठेपण निर्विवाद आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिची मर्यादाही तेथेच आहे.

याच पेंडशांनी 'रथचक्र' (१९६२) मध्ये मात्र या प्रश्नाला सरळ हात घातला होता, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. साहित्य अकादमी पारितोषिक (१९६३) लाभलेली ही कादंबरी एकत्र कुटुंबात पिचणाऱ्या एका स्त्रीची आहे. लेखकाने तिला नावही दिलेले नाही. ती केवळ 'ती' आहे. नवरा असून नसल्यासारखा. ती ज्या घरात आहे, त्या घरावर तिचा हक्क नाही. हक्क नसल्यामुळेच घर सोडण्याचा विचार तिला करता येतो. मुलाच्या शिक्षणासाठी ती घराबाहेर पडते आणि दुसऱ्या गावी बिऱ्हाड थाटते. येथे निर्णय आहे, त्याची किंमत आहे, दिवसागणिक हिशोब आहे. तो घेणारी व्यक्ती वारस नाही, ही गोष्ट महत्त्वाची. ज्याला घर मिळते तो ठरवीत नाही; जिला मिळत नाही ती ठरविते. मराठी साहित्यातील स्थलांतराच्या निर्णयाविषयी एखादे सूत्र काढावयाचेच झाले, तर ते या नायिकेपासून काढावे लागेल.

तिच्या शेजारी उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) ठेवून वाचले तर हे सूत्र केवळ एका जातीचे नाही, हेही दिसते. वडिलांच्या मागे आयदाने विणून मुलांना शिकविणारी आई, रत्नागिरीच्या परिसरातील गाव आणि नंतरची मुंबई या साऱ्या हालचालींचा कणा शिक्षण हाच आहे. येथे मागे राहिलेल्या घराचा मोह नाही, कारण त्या घराने जे दिले ते जपून ठेवण्यासारखे फारसे नव्हते. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये मुंबईतील कावाखाना आणि गावातील महारवाडा यांच्यातील ये-जा आहे. परतण्याचे मोल किती वेगळे असू शकते, हे या आत्मकथनातून कळते. खोताचा मुलगा गावी परततो तो घरात. महारवाड्यातला मुलगा परततो तो गावाने नेमून दिलेल्या जागेत आणि कामात. 'आपल्या घरी परत जाणे' हा शब्दप्रयोग सर्व मराठी माणसांना सारखाच लागू पडतो असे गृहीत धरून कोकणच्या घराविषयी जी हळवी समीक्षा लिहिली जाते, तिची अडचण येथे आहे.

५

वाटणीचा प्रश्न सर्वांत नेमकेपणाने मांडणारी कृती कोकणची नाही. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' विदर्भातील धरणगावच्या देशपांडे घराण्याचे आहे. परंतु त्यातील सुधीर आणि अंजली मुंबईहून येतात, आणि म्हणून दादर-गिरगावच्या प्रेक्षकाने १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पाहिले तेव्हा त्याला वाड्यातील माणसांइतकेच हे पाहुणे दांपत्यही ओळखीचे वाटले असले पाहिजे. तात्याजींच्या मृत्यूनंतरच्या दिवसांत नाटक घडते. अंगणात निकामी ट्रॅक्टर उभा आहे. तेराव्याचा खर्च, वहिनीच्या ताब्यातील दागिने, वाड्याचा वाटा यांभोवती संघर्ष फिरतो.

या नाटकाची सामंती व्यवस्थेचा ऱ्हास म्हणून पुष्कळ चर्चा झाली आहे. मुंबईकर भावाच्या बाजूने पाहिले तर निराळी गोष्ट दिसते. सुधीरला वाट्याचा हक्क आहे, पण वाड्यात त्याचे काम नाही. भास्कर वाड्यात राहतो म्हणून वाडा त्याचा, असे भास्करला वाटते. सुधीर वंशातला म्हणून वाडा त्याचाही, असे अंजलीला वाटते. वर सांगितलेले दोन नियम, खोलीचा आणि घराचा, येथे दोन भावांच्या रूपाने एकमेकांसमोर उभे राहतात. राहणाऱ्याचा हक्क मोठा की जन्मलेल्याचा? एलकुंचवार उत्तर देत नाहीत आणि न देणे हीच त्यांची ताकद आहे. मात्र त्या दोघांहून वेगळा असा तिसरा हक्क ते दाखवितात. शिकण्याची इच्छा दडपली गेलेली प्रभा आणि घरात निमूट राबणारा चंदू यांच्यावर वाड्याचा भार खरोखर उभा आहे. सुधीर मुंबईस परतू शकतो, कारण प्रभा आणि चंदू कोठेच जाऊ शकत नाहीत. अनेक मुंबईकर कुटुंबांच्या गावाकडच्या घरात अशी एक प्रभा होती. तिच्याकडे किल्ली असे, म्हणून कुलपाची गरज पडत नसे.

'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' यांसह ही नाट्यत्रयी १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी रंगमंचावर आणली. तिच्या शेवटच्या भागात सुधीरचा मुलगा अभय परदेशातून परततो आणि गावीच राहिलेल्या परागसमोर उभा राहतो. जमीन कोरडी पडलेली आहे. परतण्याचा निर्णय अखेर एका वारसाने घेतलेला दिसतो, पण तो अशा वेळी, जेव्हा घर देऊ शकेल असे काही उरलेले नाही. निर्णय एक पिढी लांबवला की त्याचा विषयच बदलून जातो, ही गोष्ट मराठी रंगभूमीवर इतक्या कठोरपणे अन्यत्र आलेली नाही.

पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) चा येथे ओझरता उल्लेख करावयास हवा. पुस्तकाच्या अखेरच्या चिंतनात गिरगावची चाळच मागे टाकून जाण्याचे 'घर' झाली आहे. म्हणजे एका पिढीचे बिऱ्हाड दुसऱ्या पिढीचे वारशाचे घर होते आणि गावाकडचे घर आणखी एक पायरी मागे सरकते. चाळींचा पुनर्विकास हा अलीकडच्या दशकांचा विषय, परंतु त्याची भाववृत्ती पुलंनी फार आधी पकडली होती.

६

लालबाग-परळच्या बाजूने या निर्णयाचा सर्वांत क्रूर क्षण १८ जानेवारी १९८२ नंतरचा. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप विधिवत मागे घेतल्याचे कधी जाहीर झाले नाही, हे सर्वज्ञात आहे. मजुरी थांबली तेव्हा कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूरकडील हजारो कुटुंबांना गावाचे घर आठवले ते स्मृतिरंजन म्हणून नव्हे, तर शिधा म्हणून. आजवर घराला मनीऑर्डर जात होती; आता घराने तांदूळ पाठवावा, अशी वेळ आली. पुष्कळ कामगार परतले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या शंभर आवाजांतून संकलित केलेला मौखिक इतिहास (इंग्रजीत, २००४) या काळाचे महत्त्वाचे साधन आहे.

परंतु येथेही कुटुंब सबंध हलले असे सहसा झाले नाही. बाप गावी गेला, मुलगा खोलीत राहिला, कारण खोली सोडली तर खोली गेली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) मध्ये गिरणी कामगाराच्या कुटुंबातील आई आणि तिची तरुण मुले त्या एका खोलीत कोंडलेली आहेत. शीर्षकाचा अर्थ बेकारीपुरता मर्यादित नाही. मुंबईत पाय टेकत नाही आणि गावी पाय टेकण्याइतकी जागा उरलेली नाही, अशा पिढीची ती अवस्था आहे. या पिढीचे नाव सातबाऱ्यावर आहे, पण भाताचे रोप कसे लावावे हे तिला माहीत नाही. वारसा जमिनीचा मिळाला. जमीन कसण्याची विद्या आईबापांनी मुद्दामच दिली नव्हती, कारण पोराने शिकून गिरणीच्या किंवा कचेरीच्या कामाला लागावे हेच त्यांचे स्वप्न होते.

या संदर्भात नारायण सुर्वे यांच्या चरित्रातील एक प्रसंग पुन्हा वाचण्याजोगा आहे. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी रस्त्यावर सापडलेले हे मूल वाढविले. निवृत्तीनंतर गंगाराम आणि काशीबाई कोकणातील आपल्या गावी परत गेली, आणि जाताना नारायणच्या हाती दहा रुपये ठेवून गेली. ही हकीकत सुर्वे यांच्या कष्टमय बालपणाची खूण म्हणून सांगितली जाते. तिच्यात आणखी एक अर्थ आहे. गावाकडे परतणे ही कुटुंबाची सीमा आखणारी क्रिया आहे. मुंबईच्या खोलीत कोणीही कुटुंबात सामावू शकतो, सापडलेले मूलसुद्धा. गावच्या घरात वंशाची, जातीची, भावकीची विचारणा होते. त्या दांपत्याने नेमक्या कोणत्या कारणाने मुलाला मागे ठेवले, हे ठरविण्याचा अधिकार समीक्षेला नाही. पण ज्या कवीने पुढे 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहातून शहराच्या रस्त्यालाच आपले मानले, त्याला गावाकडचे घर वारशाने मिळालेले नव्हते, ही वस्तुस्थिती त्याच्या कवितेच्या घडणीत धरावी लागते. मराठी कवितेत मुंबईला बिऱ्हाड न मानता घर मानणारा हा स्वर बिनवारशाच्या माणसाकडून आला.

७

कुलूप घातलेली घरे वर्षातून काही दिवस उघडतात. गणपतीत आणि शिमग्यात. दक्षिण कोकणातील अनेक घराण्यांचा गणपती मूळ घरीच येतो. तो मुंबईच्या खोलीत हलविण्याची प्रथा नाही, आणि म्हणून सारे हिस्सेदार चार-पाच दिवस एका छपराखाली येतात. रत्नागिरीकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते आणि ती दारी येते तेव्हा दार उघडे असावे लागते. देवाने दिलेल्या या मुदतींमुळे घर पुरते पडत नाही. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा आता गावे पुन्हा भरतील अशी अपेक्षा होती. घडले ते निराळे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. रेल्वेने परत राहायला जाणे सोपे केले नाही; जाऊन येणे सोपे केले. जाऊन येणे सोपे झाल्यावर राहायला जाण्याचा निर्णय आणखी निकडीचा उरला नाही. याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. त्यातला पुष्कळसा भाग मुंबईला गेलेल्या पुरुषांचा आहे, म्हणजेच अजूनही घर राखणाऱ्या स्त्रियांचा आहे.

स्त्रियांच्या हक्काची बाजूही आता पालटली आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला. तोवर दादरला किंवा परळला सासरी नांदणाऱ्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी आणि भावाने तिला माहेरपण द्यावे, असा अलिखित व्यवहार होता. ही सही मराठी कथेत फारशी आलेली नाही. ती करताना बहिणीने काय सोडले आणि काय राखले, भाऊ घर विकायला निघाला तर त्या माहेरपणाचे काय, हे प्रश्न आजच्या कथालेखिकांच्या हाती येण्याजोगे आहेत. सही न करणारी बहीण आता घराच्या निर्णयात बसते, आणि काही घरांत तर तीच सर्वांत आधी विचारते, की कौले यंदा कोण चाळणार.

संशोधकांच्या दृष्टीने या विषयाची खरी साधने अद्याप पेट्यांत आहेत. गावाहून मुंबईस आलेली आंतर्देशीय पत्रे, सामाईक गणपतीच्या खर्चाच्या वह्या, घरपट्टीच्या पावत्या, फेरफाराच्या नोटिसा, आणि सातबाऱ्याचे एकामागून एक काढलेले उतारे. अशा उताऱ्यांची एखादी चळत क्रमाने वाचली, तर १९५० च्या सुमारास एक नाव असते, पुढच्यात चार, त्यापुढच्यात अकरा. इतर अधिकारात जुनी कुळांची नावे कंसात अडकलेली असतात. कोणाच्या तरी नावापुढे 'मयत' लिहिलेले असते आणि त्याखाली वारसांची नवी रांग सुरू होते. त्या अकरा नावांपैकी त्या घरात झोपलेले, पावसाच्या रात्री गळतीखाली घमेले ठेवायला उठलेले माणूस कोणते, हे उताऱ्यावरून कळत नाही. ते पत्रांतून कळते, आणि पत्रे बहुधा बाईच्या हस्ताक्षरात किंवा तिने शेजारच्या मुलाकडून लिहवून घेतलेली असतात.